अ‍ॅफिडेव्हिट या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला कागदपत्रांची भाषांतरं करतो, इंग्रजीतून मराठी आणि उलट. जवळजवळ प्रत्येक फाईलीत एक तरी अ‍ॅफिडेव्हिट असतं आणि त्या शब्दाबद्दल लोक मला सतत काही ना काही विचारत असतात, कधी फोनवर, कधी मेसेज करून, कधी कोर्टाच्या आवारात उभ्या उभ्या. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून इथे एकत्र केलेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. अ‍ॅफिडेव्हिट या शब्दाचा अर्थ नेमका काय?

लॅटिनमध्ये याचा अर्थ होतो "त्याने शपथेवर सांगितलंय" किंवा "तिने शपथेवर सांगितलंय". एका शब्दात अख्खं वाक्य. लॅटिन क्रियापदात पुरुष-बाई असा फरक दिसत नाही त्यामुळे दोन्ही अर्थ बरोबर, इंग्रजी डिक्शनऱ्या सवयीने "त्याने" असं देतात एवढंच. आज कायद्यात त्याचा अर्थ असा की शपथ द्यायचा अधिकार असलेल्या माणसासमोर शपथ घेऊन केलेलं लेखी निवेदन. शपथ, लेखी मजकूर आणि समोर बसलेला अधिकारी, यातलं एक जरी नसलं तर तो कागद अ‍ॅफिडेव्हिट नव्हे.

२. शब्दाची फोड कशी करायची? आणि स्पेलिंगात एफ दोनदा का?

मूळ शब्द "फिदेस", म्हणजे इमान, विश्वास, दिलेला शब्द. त्यावरून क्रियापद झालं "फिदारे" आणि त्याच्या आधी "आद" हा उपसर्ग लागला, ज्याचा अर्थ साधारण "च्याकडे, च्यापाशी" असा, आणि तयार झालं "आफ्फिदारे", म्हणजे आपलं इमान गहाण टाकून सांगणं, वचन देणं. शेवटचं "आविट" हे भूतकाळाचं रूप, आपल्याकडच्या "केलं", "दिलं" सारखं. काही जण "डेव्हिड"शी संबंध आहे का विचारतात, अजिबात नाही.

दोन एफ का, तर संधी. शाळेत आपण तत् + लीन = तल्लीन, सत् + जन = सज्जन शिकलोय ना, अगदी तेच लॅटिनमध्ये होतं, "आद"मधला द पुढच्या व्यंजनासारखा होऊन जातो. इंग्रजीतले अ‍ॅक्सेप्ट, अप्लाय, असिस्ट, अटेंड हे शब्द बघा, सगळ्यांच्या सुरुवातीला तोच "आद" लपलाय आणि सगळ्यांच्या स्पेलिंगात एक अक्षर डबल आहे. हा नियम कळला की अशा शब्दांची स्पेलिंगं पाठ करायची गरज राहत नाही, मुलांना जरूर सांगा.

३. म्हणजे हे क्रियापद आहे? क्रियापद हे कागदाचं नाव कसं काय होईल?

होतं, आणि आपल्याच भाषेत त्याचं इतकं सुंदर उदाहरण आहे की मला ते सांगताना दर वेळी आनंद होतो. "इतिहास" हा शब्द घ्या. इति + ह + आस, म्हणजे "असं खरोखर होतं". अख्खं वाक्य, आणि आपण ते नाम म्हणून वापरतो, त्याला विभक्ती लावतो, इतिहासाचं पुस्तक म्हणतो. त्यातला "आस" हा संस्कृतातला परोक्ष भूतकाळ, एकवचन, आणि "अ‍ॅफिडेव्हिट" हाही लॅटिनमधला पूर्ण भूतकाळ, तृतीय पुरुष एकवचन. म्हणजे दोन्ही शब्द जवळजवळ एकाच पद्धतीने घडलेत. शिवाय रोजच्या वापरातली "कारणे दाखवा नोटीस" आहेच, तिथेही आज्ञार्थी क्रियापद नोटिशीचं नाव होऊन बसलंय. आणि जुन्या खरेदीखतात "लिहून देणार" आणि "लिहून घेणार" असतात, त्यांना कोणी नावाने हाक मारतच नाही.

इंग्रजीत तर लॅटिन क्रियापदं नाम होऊन बसल्याची रांगच आहे. व्हेटो म्हणजे "मी मनाई करतो". डेफिसिट म्हणजे "कमी पडतंय", म्हणून बजेटमध्ये पैसे कमी पडले की तो शब्द. हॅबिटॅट म्हणजे "तो राहतो". प्लेसिबो म्हणजे "मी खूश करीन". रेसिपी म्हणजे "घे", आधी वैद्याच्या चिठ्ठीवर असायचं, अमुक घे तमुक घे, मग तिथून स्वयंपाकघरात आलं. व्हिडिओ म्हणजे "मी बघतो". एक्झिट हे नाटकाच्या संहितेत "तो बाहेर जातो" अशी सूचना म्हणून यायचं आणि दोघे-तिघे जात असतील तर एक्झिअंट, गोव्यातल्या नाटकवाल्यांना हे आवडेल. कोर्टातलेच घ्यायचे तर कॅव्हिएट म्हणजे "त्याने सावध राहावं", मँडेमस म्हणजे "आम्ही हुकूम करतो". वडिलोपार्जित घराच्या वादात "कॅव्हिएट घातलंय" असं आपण सहज म्हणतो, तेव्हा आपण एक पूर्ण लॅटिन वाक्य बोलत असतो.

४. आत सगळा मजकूर "मी, खाली सही करणार" असा असतो, मग शब्दात "त्याने" कुठून आलं?

कारण शब्द शपथ घेणाऱ्याचा नाही, नोंद करणाऱ्याचा आहे. शपथ घेणारा "मी सांगतो" म्हणतो आणि ज्याच्यासमोर शपथ झाली तो लिहितो की "याने शपथेवर सांगितलं". कागदावर आजही हे दोन्ही आवाज असतात. वरचा मजकूर तुमचा, आणि खाली "माझ्यासमोर शपथेवर सांगितले" अशी नोटरीची किंवा मॅजिस्ट्रेटची ओळ, तिला जुरॅट म्हणतात, लॅटिन "जुरारे" म्हणजे शपथ घेणं यावरून. कागदाचं नाव त्या खालच्या ओळीच्या बाजूने पडलेलं आहे. याचा प्रत्यक्षात काय परिणाम होतो ते प्र. १० मध्ये बघा.

५. म्हणजे रोमन लोक अ‍ॅफिडेव्हिट करायचे का?

शपथा घ्यायचे, लेखी साक्षीही असायच्या, पण हा शब्द त्यांचा नाही. "आफ्फिदारे" हे मध्ययुगीन लॅटिन आहे, म्हणजे रोमन साम्राज्य कोसळल्यानंतर शेकडो वर्षं युरोपातल्या कचेऱ्या, चर्च आणि राजदरबार जे लॅटिन लिहीत होते त्यातला शब्द. मुळातला "फिदेस" मात्र अस्सल रोमन आणि त्यांच्या दृष्टीने फार मोठा शब्द, इतका की फिदेस नावाची देवी होती आणि रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर तिचं देऊळ होतं. दिलेला शब्द पाळणं हा देवतेचा विषय होता. इंग्रजीत "अ‍ॅफिडेव्हिट" लिहिलेलं सापडायला लागतं ते १६व्या शतकाच्या शेवटी, तेही कोर्टाच्या कामात.

६. गोव्यात हा शब्द पोर्तुगीजांनी आणला ना? पोर्तुगीज तर लॅटिनचीच मुलगी.

मुलगी खरी, पण हा शब्द तिच्याकडून आला नाही. तो इंग्लंडच्या कोर्टात रुळला, तिथून ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यात आला, आणि गोव्यात आपल्या नेहमीच्या व्यवहारात शिरला तो १९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यानंतर, भारतीय कायदे इथे लागू होत गेले त्यांच्याबरोबर. पोर्तुगीज काळातल्या कागदात "देक्लारासांव" म्हणजे घोषणा आणि "जुरामेंतु" म्हणजे शपथ असे शब्द भेटतात.

पण "फिदेस" हा मूळ शब्द पोर्तुगीजमधून गोव्यात साडेचारशे वर्षं वावरत होता. "फे" म्हणजे श्रद्धा, "फियादोर" म्हणजे जामीन राहणारा, "फियान्सा" म्हणजे जामीन, "कोंफियान्सा" म्हणजे भरवसा. आणि "आउतु द फे" सुद्धा, शब्दशः "श्रद्धेचं कृत्य". गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली १७७४ ते १७७८ ही वर्षं सोडून, इन्क्विझिशन म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालय होतं आणि त्यात दोषी ठरवलेल्यांची जाहीर मिरवणूक काढून शिक्षा वाचून दाखवायच्या त्या सोहळ्याचं हे नाव. इमान आणि भरवसा सांगणारा शब्द माणसांना भीती दाखवायला वापरला गेला, हे शब्दाचा इतिहास सांगताना गाळता येणार नाही, निदान गोव्यात बसून तरी नाही.

७. उच्चार काय करायचा आणि देवनागरीत लिहायचं कसं?

इंग्रजीत जोर "डे"वर, अ‍ॅफिडेव्हिट. लॅटिन पद्धतीने आफ्फिदाविट, जोर "दा"वर. मराठीत अ‍ॅफिडेव्हिट लिहा, अफिडेव्हिट लिहिलंत तरी सगळ्यांना कळतं. "अ‍ॅफिडेव्हिड" मात्र लिहू नका, शेवटचा ट हा प्र. २ मधल्या भूतकाळाच्या रूपाचा भाग आहे.

८. प्रतिज्ञापत्र, शपथपत्र, हलफनामा आणि अ‍ॅफिडेव्हिट, सगळं एकच का?

कागद एकच. मराठीत प्रतिज्ञापत्र जास्त चालतं, शपथपत्रही चालतं. हलफनामा हिंदी-उर्दूतून येतो, "हलफ" अरबी, म्हणजे शपथ, आणि "नामा" फारसी, म्हणजे लेख. कोकणीत शपथेला सोपूत म्हणतात हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. फरक कुठे आहे तर आपल्या आणि उर्दूच्या नावात "पत्र", "नामा" हे कागदाचे शब्द आहेत, लॅटिन शब्दात कागद कुठेच नाही, फक्त घडून गेलेली शपथ आहे. भाषांतर करताना मी स्वतः प्रतिज्ञापत्रच वापरतो कारण वाचणाऱ्याला ते पटकन लागतं.

९. मी देव मानत नाही, मग मी शपथ कशी घेऊ?

घेऊ नका, दृढकथन करा. ओथ्स अ‍ॅक्ट, १९६९ मध्ये शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक दृढकथन करायची मोकळीक आहे, जसं मंत्री आणि आमदार "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" किंवा "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो" यातलं एक निवडतात. इंग्रजी मसुद्यात "सॉलेम्नली अफर्म" असतं ते हेच. अफर्म हा शब्द "फिर्मुस" म्हणजे घट्ट, पक्का यावरून आलाय, फिदेसशी त्याचं नातं नाही. कागद मात्र दोन्हीकडे अ‍ॅफिडेव्हिटच आणि जबाबदारीही तीच.

१०. टायपिस्टकडे मजकूर तयार होता, मी घरीच सही करून मुलाकडे कागद पाठवला आणि शिक्का मारून आला. हे अ‍ॅफिडेव्हिट झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं उत्तर दर वेळी तेच, नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत लोक हे करतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे स्टॅम्प पेपर आणि गोल शिक्का असं बसलंय. पण शब्दच सांगतोय की "शपथ घेऊन झालीय". तुम्ही कोणासमोर गेलाच नाहीत, कोणी तुम्हाला मजकूर समजला का विचारलं नाही, तुम्ही हे खरं आहे असं तोंडाने म्हटलं नाहीत, तर झालेलं काय आहे? खालची जी जुरॅटची ओळ आहे, "माझ्यासमोर", तीच खोटी ठरते.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३९ शपथ कोण देऊ शकतो ते सांगतं, कोर्ट किंवा मॅजिस्ट्रेट, नोटरीज अ‍ॅक्ट, १९५२ खाली नेमलेला नोटरी वगैरे. देऊ शकतो म्हणजे समोर बसवून देतो. म्हातारी माणसं असतील, चालता येत नसेल तर नोटरीला घरी यायची विनंती करता येते. मजकूर इंग्रजीत असेल आणि शपथ घेणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर तो त्याच्या भाषेत वाचून, समजावून सांगायला पाहिजे आणि तसं खाली लिहायला पाहिजे. आईला कोकणी-मराठीच कळते आणि तिच्या नावाचं चार पानी इंग्रजी अ‍ॅफिडेव्हिट तिने एका मिनिटात सही करून दिलं, असं होऊ देऊ नका. पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत. नोटरीच्या रजिस्टरात नोंद करून सही घेतली जाते, तीही बघून करा.

११. स्टॅम्प पेपर नसला तर अ‍ॅफिडेव्हिट होत नाही का?

मुद्रांक शुल्क हा वेगळ्या कायद्याचा विषय, कुठल्या कामाला किती लागतं ते त्या त्या कचेरीत विचारा. शब्दाच्या अर्थात स्टॅम्प पेपर नाही.

१२. सेल्फ डिक्लरेशन म्हणजे बिनखर्चाचं अ‍ॅफिडेव्हिट का?

नाही. डिक्लेअर हा शब्द "क्लारुस" म्हणजे स्पष्ट यावरून आलाय, डिक्लरेशन म्हणजे स्पष्ट करून सांगणं, त्यात शपथ नाही आणि समोर अधिकारीही नाही. बऱ्याच साध्या कामांना आता ते पुरतं आणि ते चांगलंच झालं. पण जिथे अर्जात अ‍ॅफिडेव्हिट मागितलंय तिथे ते चालणार नाही, आणि दोन्हीकडे खोटं लिहिणं गुन्हाच आहे (प्र. १५).

१३. जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज स्पेलिंगात आणि आधारवर इंग्रजी पद्धतीने आहे. अ‍ॅफिडेव्हिट केलं की नाव बदलतं का?

गोव्यात हे घराघरात आहे. कामतचं कामोतीं, प्रभूचं पोरोबो, नाईक क्यू घालून, काकोडकर सगळीकडे सी घालून, शेणवीचं सिनाय. अ‍ॅफिडेव्हिट करून तुम्ही फक्त सांगता की ही दोन्ही नावं एकाच माणसाची, म्हणजे माझीच आहेत. बँक किंवा शाळा तेवढ्यावर समाधान मानू शकते. पण त्याने नाव बदलत नाही, कारण अ‍ॅफिडेव्हिट हे जे आहे त्याबद्दल शपथेवर केलेलं सांगणं आहे, त्याने नवीन काही तयार होत नाही. नाव किंवा आडनाव खरोखर बदलायचं असेल तर त्यासाठी गोव्याचा वेगळा कायदा आहे, गोवा चेंज ऑफ नेम अँड सरनेम अ‍ॅक्ट, १९९०, आणि त्याच वाटेने जावं लागतं.

१४. कोर्टाबाहेरचा नोटरी आणि सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसातला नोटरी, दोन्ही एकच का?

नाही, आणि यात गोंधळ होणं साहजिक आहे. कोर्टाबाहेर बसणारे वकील-नोटरी १९५२ च्या केंद्रीय कायद्याखालचे, अ‍ॅफिडेव्हिट त्यांच्याकडे होतं. सब-रजिस्ट्रारकडचं नोटरीचं काम हे पोर्तुगीज पद्धतीतून चालत आलेलं, वारसांचं डीड, मृत्युपत्र वगैरे, त्यासाठी आता गोव्याचा २०१२ चा वारसा आणि विशेष नोटरीचा कायदा आहे. शब्द दोघांचा एकच, लॅटिन "नोतारियुस", "नोता" म्हणजे खूण. रोममध्ये हे लोक खुणांच्या लघुलिपीत भराभर लिहून घ्यायचे, मालकाचं भाषण, पत्रं. शिक्का नंतर आला, लिहून घेणं आधी.

१५. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये चुकीचं लिहिलं गेलं तर काय होतं?

तारीख किंवा स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्तीचं नवीन अ‍ॅफिडेव्हिट करा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुद्दाम खोटं सांगितलं तर तो खोट्या पुराव्याचा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे कोर्टाच्या कामात खोटा पुरावा दिला तर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि इतर बाबतीत ३ वर्षांपर्यंत. म्हणून स्वतःला माहीत असलेलं तेवढंच लिहा. वकिलाने "माझ्या माहितीप्रमाणे" आणि "माझी अशी समजूत आहे" असं वेगवेगळं लिहिलं असेल तर ते सरसकट एक करू नका. जे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय आणि जे शेजाऱ्यांकडून ऐकलंय ते शपथेवर एकाच वजनाचं होत नाही, जमिनीच्या हद्दीच्या वादात तर याच्यावरच सगळं अडतं.

१६. फिदेसवरून आलेले अजून कुठले शब्द आपण वापरतो?

शाळेतून आणतो ते बोनाफाईड सर्टिफिकेट, लॅटिन "बोना फिदे", म्हणजे चांगल्या इमानाने, प्रामाणिकपणे. कॉन्फिडन्स, कॉन्फिडेन्शियल, फेथ, फिडेलिटी. फियान्से म्हणजे जिला किंवा ज्याला शब्द दिलाय, साखरपुडा झालाय. डिफाय म्हणजे मुळात इमान मोडणं, त्यावरून आव्हान देणं, पोर्तुगीजमधला "देसाफियु" तोच. हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी, मूळ आवाजाशी इमान राखणारी सिस्टीम. आणि वाय-फाय हे नाव १९९९ मध्ये हाय-फायशी यमक जुळावं म्हणून तयार केलं गेलं, तेव्हा तेही लांबून याच घरातलं.

१७. मग फिदाल्गो, फियाट आणि अ‍ॅफिलिएशन? आणि आपल्या "श्रद्धा"शी काही नातं?

दिसायला सारखे आहेत म्हणून खूप जण विचारतात, पण तिघेही परके. फिदाल्गो म्हणजे पोर्तुगीज "फिल्यु द आल्गु", काहीतरी असलेल्याचा मुलगा, म्हणजे खानदानी. अ‍ॅफिलिएशनमध्ये तोच "फिलियुस" म्हणजे मुलगा, कॉलेजला युनिव्हर्सिटी दत्तक घेते म्हणा ना. फियाट हा लॅटिन शब्द "होऊ दे" असा, तो हुकुमाला वापरतात, आणि फियाट गाडीचं नाव तर तुरीनच्या इटालियन कंपनीच्या नावाची आद्याक्षरं आहेत.

श्रद्धाचं नातं फिदेसशी नाही, लॅटिनच्या दुसऱ्या शब्दाशी आहे आणि ते खरंखुरं आहे. "क्रेदो" म्हणजे मी विश्वास ठेवतो, चर्चमधल्या प्रार्थनेतला, ज्यावरून क्रेडिट आलं. तो आणि संस्कृत "श्रद्धा" एकाच मुळातून आलेत, दोन्हीचा जुना अर्थ साधारण "मन ठेवणं". तेव्हा देवळातली श्रद्धा आणि बँकेतलं क्रेडिट भाऊबहीण, अ‍ॅफिडेव्हिट त्या घरातलं नाही.

१८. अनेकवचन काय? आणि नवरा-बायकोने एकाच कागदावर शपथ घेतली तर?

इंग्रजीत साधा एस लावा. मराठीत एक अ‍ॅफिडेव्हिट, दोन अ‍ॅफिडेव्हिटं, कोणी दोन अ‍ॅफिडेव्हिट म्हणतं तेही चालतं. लॅटिन पद्धतीचं अनेकवचन करायला जाऊ नका कारण हे मुळात नाम नाहीच (प्र. ३). "त्यांनी शपथेवर सांगितलंय" असं लॅटिनमध्ये म्हणायचं तर "आफ्फिदावेरुन्त" होईल, पण तसा कागद जगात कुठे नाही. दोघांनी मिळून केलं तर त्याला जॉइंट अ‍ॅफिडेव्हिट म्हणतात, आणि तिथे दोघांची नावं, दोघांच्या सह्या आणि दोघांनीही समोर हजर राहून घेतलेली शपथ लागते, नवऱ्याने दोघांच्या वतीने घेऊन भागत नाही.